हलगीवाचून लढत

१९५६ सालच्या त्या पावसाळ्यात हैदराबादेत दोनच विषय होते. नांदेड, परभणी, औरंगाबाद मुंबई राज्यात जाणार, मग इथल्या मराठी माणसाचं काय होणार, हा एक. आणि लेस्लीशी कोण लढणार, हा दुसरा. पहिल्याचा निकाल दिल्लीत लागायचा होता आणि तिथं आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं. म्हणून काचीगुडा स्टेशनासमोरच्या इराण्याच्या हॉटेलात बसून आम्ही दुसऱ्याचा निकाल रोज संध्याकाळी लावत असू.

लेस्ली म्हणजे लालागुड्याचा अँग्लो-इंडियन, रेल्वेत फायरमन आणि हैदराबाद स्टेटचा फ्लायवेट चॅम्पियन. फ्लायवेट हे बॉक्सिंगमधलं सगळ्यात हलकं वजन. लोक हेवीवेटवर जीव टाकतात, मला त्यांची कीव येते. दोन म्हशी एकमेकींना रेलून उभ्या राहतात, त्यात बघायचं काय? हलक्या वजनात पापणी लवली की ठोसा हुकला. खरं बॉक्सिंग तिथंच असतं, आणि ज्याला हे पटत नाही त्याच्याबरोबर मी चहा पीत नाही.

टेलिफोन खात्यातला नरसिंग बारकसच्या, म्हणजे अरबांच्या वस्तीतल्या, बॉक्सर सालेहचा भक्त. "पैले सालेह कू मौका देना मियाँ, पत्थर है उनो पत्थर," असं तो रोज म्हणायचा. सचिवालयातला दत्तोबा म्हणायचा, लढतच होणार नाही. लेस्लीचं लग्न झालंय, बायको रोज केक खिलवते, तो आता वरच्या वजनात, बँटमला जाणार आणि पट्टा मोकळा पडणार. मी पहिल्यापासून सूर्यभानचा. आणि गंमत अशी की स्वतः सूर्यभान तिथंच आमच्याबरोबर बसलेला असायचा आणि माझ्याविरुद्ध बोलायचा.

"सूर्यभानचा उजवा हात उशिरा येतो," तो म्हणायचा, जसा काही सूर्यभान कुणी दुसराच. "लेस्ली त्याला दमवंल. तिसऱ्या राऊंडपस्तोर ठीक हाय."

"अरे, मी तुझ्या बाजूनं भांडतोय," मी चिडायचो.

"भांडा की. पर खोटं कामून बोलायचं?"

सूर्यभान काचीगुड्याच्या पार्सल ऑफिसात होता. अंगानं काटक, पेटी उचलायला वाकला की पेटीच दिसायची. दिवसभर तो लोकांच्या पेट्या-बोचकी काट्यावर चढवायचा, आणि संध्याकाळी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये स्वतः काट्यावर चढायचा. त्या काट्यावर त्याचं फार प्रेम होतं. त्याचं कारण मला एकदा त्यानं सांगितलं.

त्याचं गाव परभणीकडचं. बाप देवराव दरवर्षी जत्रेत कुस्त्यांच्या फडात हलगी वाजवायचा. हलगीशिवाय कुस्ती रंगत नाही, आणि हलगीवाल्याचा पोरगा कुस्तीत चालत नाही, असा तिथला कायदा. सूर्यभानला फडाच्या मातीत पाय ठेवायची बंदी होती. मळ्यात चोरून जोर-बैठका काढून त्यानं अंग कमावलं, पण जोड लावणार कोण? पंच जोड लावायचे ते घराणं बघून. बापाला घेऊन हैदराबादेत आला आणि बघितलं, तर इथं आधी काट्यावर उभं करतात. काटा सांगेल त्याच्याशी लढायचं. "काट्यानं मला नाव इचारलं, गाव न्हाई इचारलं," असं तो म्हणायचा. नावसुद्धा खरं तर काट्याशेजारचा माणूस विचारतो, पण एवढं सोडून देऊ.

दसऱ्याच्या सुमारास जाहीर झालं की ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात नामपल्लीच्या नुमाइश मैदानावर स्टेटच्या शेवटच्या स्पर्धा होणार. त्यानंतर स्टेटच राहणार नव्हतं, तेव्हा जो जिंकेल तो कायमचा चॅम्पियन. आमच्या हॉटेलात त्या दिवशी कपबशा फुटायच्या राहिल्या. स्पर्धेच्या कमिटीचे अध्यक्ष होते एकनाथराव, उस्मानगंजात मोठी अडत, सूर्यभानच्याच तालुक्यातले. लेस्लीसमोर कोण, हे तेच ठरवणार होते. सूर्यभाननं दोन वर्षांत सालेहसकट सगळ्यांना हरवलेलं होतं, त्यामुळे प्रश्नच नव्हता. तरी एकनाथरावांनी बोलावलं तेव्हा मी बरोबर गेलो.

एकनाथराव गादीवर लोडाला टेकून बसले होते. मोठ्या प्रेमानं बोलले.

"आपल्या भागातला पोरगा चॅम्पियन झालेला मला बघायचाय. तुझंच नाव घालतो. एकच गोष्ट कर. त्या दिवशी रिंगपाशी आपली हलगी कडाडली पाहिजे. इथल्या लोकांना कळू दे मराठी फड कसा असतो. देवऱ्या आहे ना इथंच? त्याच्यासारखी हलगी परभणीत नव्हती."

"देवराव म्हना," सूर्यभान म्हणाला.

एकनाथरावांना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. जेमतेम आठवड्यापूर्वी देवराव मुलाच्या रेल्वे पासावर नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आला होता. परत आल्यावर वस्तीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं होतं की हलगी बंद. ना लग्नात, ना जत्रेत, ना कुणाच्या मयताला. देवरावनं हलगीचं कातडं स्वतःच्या हातानं फाडलं होतं. सूर्यभाननं हे सगळं एकनाथरावांना नीट, आवाज न चढवता सांगितलं.

"अरे, हा काय गावकीचा हक्क मागतोय का मी? कौतुकानं बोलावतोय," एकनाथराव म्हणाले. "नवी हलगी मी घेऊन देतो. दोन मिनिटं वाजवायची. नाहीतर मग सालेहला घ्या, असंही लोक म्हणतायतच."

मला त्या गादीवरच त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली. बॉक्सिंग बघणाऱ्या माणसाचा हा मोठा तोटा आहे, हात शिवशिवतात आणि येत काहीच नाही. सूर्यभान उठला, चप्पल घातली आणि म्हणाला, "सालेहलाच लावा मग."

त्या संध्याकाळी हॉटेलात जी भांडणं झाली तशी आधी कधी झाली नव्हती. दत्तोबाचं म्हणणं, लहानपण देगा देवा म्हणून गप बसावं, काम साधून घ्यावं. चॅम्पियन झाला की मग एकनाथरावाच्या तोंडावर पट्टा नाचव. नरसिंगला सालेहसाठी आनंद व्हायला हवा होता, तर तो उलटा पेटला. "ऐसा नक्को. सालेह ऐसा आया तो क्या मजा? उसकू बी बाद में लोगाँ बोलते, खैरात में आया."

घरी देवराव लेकाला म्हणाला, "येकडाव वाजवतो रं. कुनाला कळतंय? तुजा चानस जाईल."

"मला कळंल," सूर्यभान म्हणाला, आणि तो विषय त्या घरात संपला.

नामपल्लीला सालेहच लढला. हलगीऐवजी एकनाथरावांनी लग्नातला बँड आणला, त्यानं रिंगपाशी वरातीची चाल वाजवली आणि लोक हसले. लेस्लीनं सालेहला सहज हरवलं. आम्ही सगळ्यात स्वस्तातल्या बाकावर बसलो होतो, सूर्यभानही. तो शेवटपर्यंत सालेहच्या बाजूनं ओरडत होता. मला वाटलं, संपलं. गडी आता हे गिळून टाकेल, आपणही गिळू, पहिल्या तारखेला स्टेट बुडेल आणि सगळेच गप्प होतील.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान सायकल काढून लालागुड्याला लेस्लीच्या क्वार्टरवर गेला. मीही मागच्या कॅरियरवर होतो, कारण इंग्रजी लागलंच तर मी बोलणार होतो. लागलं नाही. लेस्ली आमच्यापेक्षा चांगली दखनी बोलत होता.

"स्टेटइच नहीं रहता तो पट्टा कायका?" तो म्हणाला. "जीतके क्या करते तुम?"

"पट्टा नक्को. तुमसे लढना," सूर्यभान म्हणाला.

लेस्लीनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाला की नामपल्लीला आपल्यालाही कुणी विचारलं नव्हतं, कुणाशी लढायचंय म्हणून. त्याला त्या गोष्टीचाच राग होता. येत्या रविवारी, इन्स्टिट्यूटचा हॉल, आणि वजन काट्यावर करायचं.

नोव्हेंबरच्या त्या पहिल्या रविवारी हैदराबाद स्टेट नावाची चीज जगात उरली नव्हती. कमिटी नव्हती, पट्टा नव्हता, अध्यक्ष नव्हते. हॉलमध्ये मात्र उभं राहायला जागा नव्हती. सालेह आला होता, बारकसची मंडळी आली होती, सूर्यभानच्या वस्तीतले म्हातारे नवे पांढरे कपडे घालून आले होते. दोघं काट्यावर चढले, दोघांचं वजन बरोबर भरलं. मग लढले. मी आयुष्यात तशी लढत पुन्हा बघितली नाही, आणि बघितली म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

सूर्यभान हरला. गुणांवर, अगदी थोडक्यात. माझ्या मते पंच झोपला होता, पण तो निकाल लेस्लीच्या बाजूनं लागला आणि लेस्लीनं सूर्यभानला मिठी मारली.

संध्याकाळी सगळे हॉटेलात जमलो. देवराव पहिल्यांदाच आमच्याबरोबर आला होता. सूर्यभानचा एक डोळा पार बंद झाला होता. दत्तोबाची बदली मुंबई राज्याकडे झालेली, दुसऱ्या दिवशी तो औरंगाबादला निघायचा होता, त्यामुळे आधीच कडू झाला होता. तो म्हणाला, "काय मिळवलंस बाबा? एक दोन मिनिटं हलगी वाजली असती तर मैदान, पट्टा, नाव. आता ना स्टेट, ना पट्टा, वर हार."

सूर्यभाननं बशीतला चहा संपवला.

"दत्तोबा, आमच्या घरात आजवर कुनी हरलं न्हाई," तो म्हणाला. "माजा बाप न्हाई, आजा न्हाई. हरायला फडात घेत्यात व्हय कुनी? सात पिढ्यांत हरलेला मी पैला मानूस हाय. आनि तेबी हलगी न वाजवता."

दत्तोबानं आपला कप सूर्यभानपुढं सरकवला. माझे डोळे भरून आले होते, ते मी लपवले नाहीत.

मग देवराव बोलला. म्हणाला, लेस्ली आता बँटमला जाऊ दे, पर त्याच्या आधी सालेह आन् सूर्यभान यांची पुन्यांदा जोड लावा, सालेहला उजवा हातच न्हाई. हे साफ चूक होतं. सालेहचा उजवा हात सगळ्या हैदराबादेला माहीत होता. नरसिंगनं खुर्ची पुढं ओढली. "क्या बाताँ करते चाचा, तुम देखेइच नहीं."

"म्या बघितलंय," देवराव म्हणाला. "तुमीच बघितलं न्हाई."

मी मध्ये पडलो, दत्तोबा पडला, सूर्यभाननंही बापाला समजावून बघितलं. इराण्यानं दुसरा चहा आणला, तिसरा आणला. म्हातारा खुर्चीत ठाण मांडून बसला होता, चौघांशी एकटा भांडत होता, आणि एक शब्द मागं घ्यायला तयार नव्हता.