सगळ्यांचं उष्टं पाणी

लेकीच्या शाळेतून आज ईमेल आला. हॅलोविन पार्टीत पाण्यातलं सफरचंद तोंडाने पकडायला प्रत्येक मुलाला वेगळा बाउल मिळेल, एकाच टबात सगळ्यांनी तोंड घालणं हायजीनिक नाही. वाचून माझं डोकंच फिरलं.

मी आठ वर्षांची होते, इथेच, अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत. वर्गात पत्र्याचा टब, त्यात थंडगार पाणी आणि तरंगणारी लाल सफरचंदं. हात पाठीमागे धरून मी वाकले. नाकात पाणी गेलं, सफरचंदाचा गोड वास आला आणि तेवढ्यात आईने मला मागे ओढलं.

"अगं, सगळ्यांचं उष्टं पाणी आहे ते!"

मग टीचरकडे वळून ती म्हणाली, "सेम वॉटर, एव्हरीबडी माउथ. नॉट गुड." टीचर हसल्या, बाकीच्या आयाही हसल्या.

आज तेच शाळेने लिहिलं, तर सगळे पेरेंट्स "सो थॉटफुल!" म्हणून रिप्लाय करतायत. आईचं काय चुकलं होतं? इंग्लिश?

चांगलं खरमरीत उत्तर लिहायला बसले, पण दुसऱ्या ओळीतच थांबले. आपण आईच्या बाजूचे नाही हे दाखवायला त्या दिवशी वर्गात सगळ्यात मोठ्याने मीच हसले होते.