बर्निसचा होकार

शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात डेल्मर हॉगस्टॅडची चाळीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर त्यानं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलं, आणि मिनेसोटात पहिला बर्फ पडायच्या आत तो आणि बर्निस ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे निघू लागले. मोटरहोमच्या मागे बर्निसची हायब्रिड गाडी असायची. घर एकदा रानात उभं केलं की किराण्याला, दवाखान्याला जायला ती लागेच. या गाडीची पुढची चाकं रस्त्यावर फिरवत तिला ओढून चालत नाही, आतली यंत्रणा जळते. म्हणून ती चाकं मोटरहोमला जोडलेल्या एका लहान दोनचाकी ट्रॉलीवर चढवायची, पट्ट्यांनी आवळायची आणि मागची तेवढी रस्त्यावर सोडायची.

बारा हिवाळे दोघांची पद्धत एकच होती. बर्निस गाडी चढवायची, डेल्मर पट्टे आवळायचा. मग बंपरपाशी वाकून तो विचारायचा, हँडब्रेक सोडला का, गाडी चालू करायचं बटण बंद केलं का. आतून ती म्हणायची, "हो रे बाबा, हो." तिचं काम त्यानं कधी डोकावून तपासलं नाही. तिला राग आला असता.

गेल्या उन्हाळ्यात बर्निस गेली. मुलगी करीन म्हणाली, आता माझ्याकडे राहायला ये, तळघरातली खोली रिकामीच आहे. तळघर म्हटल्यावर डेल्मरनं ताट बाजूला सारलं. पुष्कळ वादानंतर ठरलं की हा हिवाळा त्यानं एकट्यानं काढून बघावा, पण एक जरी चूक झाली तरी मोटरहोम विकायचं. त्यानं तसा शब्द दिला.

निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, मागच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर गाडीचे दिवे लागलेले दिसले. मोकळ्या माळावर दुसरं वाहन नव्हतं. उन्हात ते दोन डोळे त्याच्याकडे टक लावून मागोमाग येत होते. थांबून पाहिलं तर इंजिन चालू, दारं बंद, आत कोणी नाही. हायब्रिडचं असं असतं, बटण चालू राहिलं तर ती गुपचूप बसते आणि बॅटरी उतरली की आपलं आपण इंजिन सुरू करते. हे डेल्मरला कुणी शिकवायला नको होतं. पण बटण बंद असायला हवं होतं. त्यानं विचारलं होतं, आणि उत्तरही आलं होतं.

चौथ्या दिवशी पुन्हा तेच झालं. या वेळी त्याला भीती वाटली नाही, उलट हायसं वाटलं. आपली चूक नसेल तर गाडी दुसरंच कोणीतरी चालू करत होतं, आणि ते कोण हे त्याला कळत होतं. करीनला त्यानं फोनवर सांगितलं, सगळं ठीक आहे.

वाळवंटात ट्वायला ही जुनी शेजारीण भेटली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, जिभेनं तिखट. महिनाभरानं तो दुसऱ्या तळावर जायला निघाला तेव्हा ती दूर खुर्ची टाकून बसली होती. कुणी गाडी जोडत असेल तर त्याच्याशी बोलायचं नाही, हा इथल्या लोकांचा नियम. मध्येच एक वाक्य पडलं तरी एखादी खुंटी लावायची राहते. डेल्मर बंपरपाशी वाकला, त्यानं विचारलं, कान देऊन थांबला, मान हलवली आणि मोटरहोममध्ये चढला. मोटरहोम हललं तशा मागे वाळूत दोन खोल रेघा उमटत गेल्या. गाडीची मागची चाकं फिरतच नव्हती. ट्वायला धडपडत उठली आणि हात पसरून मोटरहोमसमोर उभी राहिली.

तिनं त्याला मागे नेऊन रेघा दाखवल्या. "डांबरी रस्त्यावर टायर पेटले असते. तुला मरायचंय तर मर, पण त्या गाडीनं काय वाकडं केलंय तुझं?"

"ती हो म्हणाली," डेल्मर पुटपुटला.

ट्वायला हसली नाही. तिनं गाडीच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हणाली. मलाही ऐकू आलं. पण ब्रेक सोडायला हात लागतात, डेल्मर."

त्याच दिवशी त्यानं करीनला फोन करून चूक कबूल केली. करीन रडली, पण शब्दाला धरून राहिली. बर्फ वितळला की मोटरहोम घेऊन घरी ये, म्हणाली, मग विकू.

मार्चच्या शेवटी एका सकाळी त्यानं परतीसाठी गाडी जोडली. स्वतः आत बसून हँडब्रेक सोडला, बटण बंद केलं, दोन्ही पुन्हा तपासलं. दार लावून पट्टे आवळले. बंपरपाशी प्रश्न ओठांवर आला, तो त्यानं गिळला आणि वळला.

"विचारलं नाहीस?" बंद गाडीतून आवाज आला. जरासा रुसलेला.

डेल्मर जागीच थांबला. त्यानं वळून पाहिलं नाही. "मीच केलं आज," तो म्हणाला. "तू बस निवांत."

तिथून करीनचं घर चार दिवसांच्या वाटेवर, आणि तिथं पोचलं की मोटरहोम विकायचं होतं. डेल्मरला एकोणीस दिवस लागले.