कुंभारणीचा फोटो

नीलकंठ ढोमणे हिंदी मुलखातल्या एका शहरात फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते, आणि चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही सदोष पुर्जा पुढे सरकला नव्हता. पुर्जा आला की गेज लावायचं, डोळ्यांनी बघायचं, पुन्हा एकदा बघायचं, आणि मगच शिक्का मारायचा. साहेब घाई करायला लागला तर ते शांतपणे चष्मा पुसत बसायचे. या सवयीचा फॅक्टरीला फायदा झाला असेल, घरातल्या माणसांचा मात्र जीव मेटाकुटीला यायचा. भाजी घ्यायला गेले तर भेंडीवाला दुरूनच हात जोडायचा.

रिटायर झाल्यावर त्यांनी कमानिया गेटजवळच्या एका दुकानातून सेकंडहँड कॅमेरा आणला, त्याला बारीक वस्तू मोठी दाखवणारी मॅक्रो लेन्स लावली, आणि दीक्षितपुऱ्यातल्या आपल्या घरात किडे शोधत फिरायला लागले. बसलेल्या किड्यांचे फोटो महिन्याभरात जमले. पण बसलेला किडा कोणीही काढेल, आपल्याला उडता पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. एकच उडता किडा, मिशांपासून पंखांपर्यंत लख्ख! त्या एका फोटोसाठी तीन वर्षं गेली आणि हाती काय लागलं, तर कोऱ्या भिंतींचे शेकडो फोटो. मधूनच एखाद्या कोपऱ्यात धूसर शेपूट.

त्या वर्षी श्रावण सरता सरता देवाच्या खोलीत खिडकीच्या चौकटीशेजारी एक कुंभारीण माशी आली. काळीपिवळी, कंबर सुतासारखी. नळाखालचा चिखल तोंडात धरून आणायची आणि भिंतीवर बोराएवढी मडकी घडवायची, गळा, काठ, सगळं अगदी रीतसर. मडकं झालं की आत अंडं घालायची आणि पिल्लाच्या पोटापाण्यासाठी हिरव्या अळ्या आणून कोंबायची. अळी धरून उडत येणारी कुंभारीण! नीलकंठरावांची झोपच उडाली.

त्यांनी दोन फ्लॅश दोन बाजूंना बांधले, उजेड मऊ व्हावा म्हणून त्यांवर दुधाच्या पिशवीचं पांढरं प्लॅस्टिक ताणलं. फ्लॅशचा जोर कमी ठेवला की लखलखाट इतका छोटा होतो की फडफडते पंखही जागच्या जागी थांबलेले दिसतात, हे त्यांनी वाचून काढलं होतं. माशी मडक्यापुढे जिथे क्षणभर तरंगते, तिथे उदबत्तीची काडी धरून त्यांनी लेन्स नेमकी जुळवली. जुळलेल्या जागेची जाडी तांदळाच्या दाण्याएवढी. त्याच्या अलीकडे धूसर, पलीकडेही धूसर. कॅमेऱ्याला लांब वायरचं बटन जोडलं आणि ते वेताच्या बुटक्या मोढ्यावर दबा धरून बसले.

चारशे अकरा फोटो काढले. चारशे अकरा वेळा भिंत.

त्यात रविवार उजाडला. बुधवारी महालक्ष्म्या यायच्या होत्या. ढोमण्यांकडे महालक्ष्म्या देवाच्या खोलीत त्याच भिंतीला बसायच्या, सासूच्या सासूपासून. त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी आठवड्यापूर्वीच निक्षून सांगितलं होतं, रविवारी अकराला गणपत चुना मारायला येईल, त्याच्या आत तुमचा पसारा उचला, भिंत मले साफ पाहिजे. म्हणजे मडकी खरवडली जाणार, कुंभारीण जाणार, आणि पुन्हा कधी येईल कोण जाणे.

साडेदहा वाजले तेव्हा नीलकंठरावांच्या कपाळावर घाम होता. माशी आली, तरंगली, त्यांनी बटन दाबलं. भिंत.

"अवो, तुम्ही काय करून राहिले?" भानुमतीबाई दारात उभ्या होत्या. स्वयंपाकघरात महालक्ष्म्यांवर टांगायच्या फुलोऱ्याच्या करंज्या चालल्या होत्या, हात कोपरापर्यंत पिठाचे.

"दिसली की दाबून राहिलो. आणखी काय करू?"

"दिसल्यावर दाबता?" त्या हसल्या. "दिसली म्हणजे ती गेलीच ना! मी तर आठ दिवसांपासून तिकडून ऐकून राहिली. नळाकडून येते तेव्हा तिचा आवाज जाडा राहते. मडक्याजवळ आली की बारीक होते. बारीक झाला की लगेच दाबा."

"न बघता दाबू?"

"मंग काय!"

नीलकंठरावांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. माशी आली, आवाज बारीक झाला, भानुमतीबाई ओरडल्या, "आता!" पण चौतीस वर्षांचा अंगठा. डोळ्याने होकार दिल्याशिवाय तो हलेचना. हलला तेव्हा माशी मडक्याच्या आत डोकं घालून बसली होती.

"तुमच्यानं नाही होत. द्या इकडे," म्हणत भानुमतीबाईंनी पदराला हात पुसले आणि बटन ओढलं.

ते द्यायला नीलकंठरावांच्या जिवावर आलं होतं. पण बाहेर गणपतची सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी हात सोडला. भानुमतीबाई मोढ्यावर बसल्या आणि त्यांनी चक्क डोळे मिटले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. गणपत चुन्याची बादली घेऊन दारात आला आणि मालकिणीला डोळे मिटून बसलेली बघून उंबऱ्यातच थबकला. मग नळाकडून गुणगुण आली, जाडी, भरलेली. जवळ आली. बारीक झाली.

लखलखाट झाला.

नीलकंठराव कॅमेऱ्यावर झेपावले. मागच्या पडद्यावर कुंभारीण हवेत उभी होती. पंख काचेसारखे, त्यातली शीर न् शीर मोजावी अशी. मिशांची टोकं लख्ख. पुढच्या पायांत हिरवी अळी आणि अळीच्या अंगावरचे बारीक केससुद्धा!

"भानू! अगं भानू! निघाला!" साठी उलटलेला तो गृहस्थ खोलीभर नाचला, गणपतच्या हातातली बादली हिंदकळली. मग एकदम थांबला. पोटात बारीकसं दुखलंही, खोटं कशाला बोला, तीन वर्षं आपण घालवली आणि फोटो हिचा. पण त्याहून जास्त लाज वाटली. या बाईला आपण लेन्सबद्दल तीन वर्षं नुसतं ऐकवत आलो, तिला काय ठाऊक आहे हे एकदाही विचारलं नाही.

भानुमतीबाई पडद्यावरून नजर काढत नव्हत्या. "अच्छा, म्हणजे हे ओझं घेऊन येते रोज," त्या म्हणाल्या. "तरीच आवाज जाडा."

"भाभीजी, चूना लगा दूं?" गणपतने विचारलं.

"लगाओ भैया, पण ही नाही. वो सामनेवाली दीवार. इस साल महालक्ष्मी उधर बैठेंगी."

नीलकंठराव बघतच राहिले. चाळीस वर्षांत पाटसुद्धा इकडचा तिकडे होऊ न देणारी ही बाई! त्यांनी बटनासाठी हळूच हात पुढे केला.

"थांबा ना! ती परत येऊन राहिली," भानुमतीबाई पुन्हा डोळे मिटून म्हणाल्या. "तुम्ही जा, तेवढ्या करंज्या लाटा. कणिक वाळून जाईल."

ते गेले. पहिली पारी वाकडी झाली, दुसरी फाटली, तिसरी ते उजेडात धरून तपासत होते, तेवढ्यात आतून हाक आली, "अवो, या लवकर! हा त्याच्याहून चांगला निघाला!"

नीलकंठराव लाटणं हातात घेऊनच धावले.