कुत्र्याचा वाटा

शेवंताआत्या गेल्याची बातमी मला भंडाऱ्यात एसटीच्या कंडक्टरने आणून दिली. स्टँडवर मला ओळखून तो म्हणाला, "बाई, तुमची ती कुत्रेवाली आत्या गेली ना..." मी तशीच त्याच्या गाडीत बसले. आंबागडच्या बाजूला जंगलाला लागून आत्याचं गाव. अंगणात माणसं जमली होती आणि जो तो म्हणत होता, "बिचारी, एकटी होती." माझं डोकंच फिरलं. बिचारी? आत्याला जिवंतपणी असं म्हणायची छाती यांच्यातल्या एकाची तरी होती का? दीड महिना झाला, तो शब्द अजून माझ्या कानातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

नवरा गेला तेव्हा आत्या तिशीचीही नव्हती. मूलबाळ नाही. तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर, लगेच म्हणाले, बाईमाणसाला धानाची राखण कशी जमणार, शेत मी पाहतो. 'पाहतो' म्हणजे काय ते आत्याला बरोबर कळलं. शेत जंगलाच्या कडेला. चितळं आणि डुकरं एका रात्रीत उभं धान साफ करायची. आत्याने कुत्रे पाळले. कुत्रे टिकले तर धान टिकणार, आणि धान टिकलं तर शेत तिच्या हातात राहणार, इतका साधा हिशेब होता. फक्त त्या कुत्र्यांची पोटं भरायला हवी होती.

साठच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. तेव्हा उन्हाळ्यात गावातले पुरुष जाळी घेऊन चितळाच्या शिकारीला जायचे. वाटणीचा रिवाज असा, की गेलेल्या प्रत्येक माणसाला एक वाटा आणि धावलेल्या प्रत्येक कुत्र्यालाही एक. बाईला शिकारीत जागा नव्हती, पण बाईच्या कुत्र्याला कोण अडवणार? आत्याने कुत्रे पाठवले आणि वाटणीच्या वेळी पळसाच्या पानांसमोर जाऊन उभी राहिली. वाटे भासरे घालत होते. त्यांनी तिच्या पानावर हाडं आणि आतडी टाकली. भासऱ्याशी तोंडाने बोलायचं नाही हाही रिवाजच. आत्याने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पायाशी बसलेल्या कुत्रीला मोठ्याने म्हणाली, "काहून वं बिजले, पळाली तू, अन् मांस कोन खाईन? विचार बरं त्याइले!" सगळे हसले. भासऱ्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार... पण पानावर पुरा वाटा पडला, आणि पुढे दरवर्षी पडत राहिला.

हे मला तिनेच रंगवून सांगितलं. मी जवळच्या शाळेत नवी मास्तरीण म्हणून लागले आणि तिच्याकडेच राहिले. त्या उन्हाळ्यात वाटा आला तेव्हा मी हौसेने मांस शिजवायला घेतलं. मीठ, हळद, परतलेला कांदा, सगळं घातलं. वास आला तशी आत्या धावत आली. "अवो बाप्पा! पावना येऊन राहिला काय? कुत्र्याले मीठ कायले घातलं वं?" तिने एकेक फोड पाण्यात धुऊन काढली. नुसत्या पाण्यात शिजवायचं, त्याच पाण्यात तांदळाची कणी टाकायची, बोट घालून सोसेल इतकं निवू द्यायचं, आणि शिजलेलं हाड कधीच द्यायचं नाही. बाकी घरांत कुत्र्याचा वाटा माणसंच खायची. मीही आशेने पाहत होते. "पळाली काय तू?" आत्याने विचारलं. आम्ही दोघींनी लाखोरीच्या डाळीचं वरण खाल्लं.

मग शिकारबंदीचा कायदा आला. चांगलंच झालं, चितळांनी जगावं. आत्या म्हणाली, "बंद त बंद. पन हरणाइलेबी सांगा म्हणा, माया धानात येऊ नोका." तिने कुत्रे बांधून ठेवले आणि ढिवरांकडून तळ्यातल्या मासळीची मुंडकी आणून कणीत घालू लागली. पुरुष मात्र गुपचूप गेलेच. गावाबाहेर कातडं सापडलं, जंगलखात्याची माणसं आली, आणि भासऱ्यांनी सरळ बोट दाखवलं, "इच्या कुत्र्याइनं मारलं." साहेब म्हणाले, कुत्रे घेऊन चला. कुत्रे गेले म्हणजे शेत गेलं. आत्या मात्र पुढे झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा भासऱ्याच्या तोंडाकडे पाहून बोलली, "माये कुत्रे पळाले असन, त त्याइचा वाटा माया घरी असाले पायजे. गावाचा रिवाज हाय. साहेब, आधी माये गंज पाहा. मंग बाकीच्याइचे पाहा." तिच्या गंजात, म्हणजे शिजवायच्या पातेल्यात, कणी आणि मासळी निघाली. भासऱ्यांच्या घरातलं गंज उघडायचीसुद्धा गरज पडली नाही, रस्त्यापर्यंत वास येत होता. साहेब त्यांना तुमसरला घेऊन गेले. ते परतल्यावर कितीतरी दिवस गाव आत्याशी बोललं नाही. "नोका बोलू," ती म्हणायची, "माये कुत्रे भुकतेत न मायासंग."

तेरवीला पंगत मांडली होती. पत्रावळींवर पाणी शिंपडून झालं आणि भासरे सगळ्यांसमोर म्हणाले, शेत आता आमच्याकडे, कुत्रे जंगलात सोडून द्या. मी उसळून म्हणाले, "ज्याला शेत हवं, त्याने कुत्रे सांभाळावे." ते हसले. "अन् त्याइचं शिजवीन कोन? तू येशीन काय भंडाऱ्याहून?" तेवढ्यात त्यांची बायको, आत्याची जाऊ, चुलीपासून उठली. इतक्या वर्षांत नवऱ्यासमोर तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वाढायला काढलेला भात तिने बाजूला सारला, चुलीवर कणीचं गंज चढवलं आणि म्हणाली, "मी शिजवीन. शेतात तेच पळतेत, तुमी नाही पळत."

कणी शिजली, निवली, कुत्रे जेवले. तोवर सगळे पुरुष ओल्या पत्रावळींसमोर बसून होते.