मोज्यांच्या बदल्यात थालीपीठ

माउंट वेलिंग्टन या उपनगरात आमच्या शेजारी राहणारी एक मुलगी युनिव्हर्सिटीच्या संघातून होडी वल्हवते. उंची इतकी की आमच्या दारातून वाकूनच आत येते. खेळाच्या स्कॉलरशिपमध्ये तिला फी, जिम आणि खोकंभर मोजे मिळतात. जेवण मिळत नाही, आणि दोन वेळच्या सरावामुळे नोकरीही जमत नाही.

रविवारी मी थालीपिठं लावली की कुंपणापलीकडून इथल्या पद्धतीचा नमस्कार घालत आवाज येतो, "किया ओरा! काही जळतंय का?"

"जळत नाहीये गं, खमंग भाजतंय. ये!"

फुकट खाणं तिला पटत नाही. म्हणून येताना ती मोज्यांचा कोरा जोड आणते, गंभीरपणे टेबलावर ठेवते आणि नऊ थालीपिठं खाते. प्रत्येकानंतर "स्वीट ॲज!", म्हणजे 'एकदम झकास', म्हणते. लोण्यालाही म्हणते.

एकदा माझ्या नवऱ्याने न राहवून विचारलं, "स्कॉलरशिप पुरते का तुला?"

"पायांना पुरते," ती म्हणाली.

गेल्या रविवारी मात्र कुंपणापलीकडे शांतता होती. मी डोकावले. ती पायरीवर बसली होती.

"आज भूक नाही," ती म्हणाली. तेवढ्यात तिचं पोट मला ऐकू येईल इतकं गुरगुरलं.

मोजे संपले होते, हे माझ्या लक्षात आलं. मी आमच्या कपाटातला एक कोरा जोड आणून कुंपणावरून तिच्याकडे फेकला.

तिने तो झेलला. मग ती वळसा घालून पुढच्या दाराने आली, वाकली आणि तिने तो गंभीरपणे टेबलावर ठेवला.