राइट बॅक बदलला

कमलनगरहून खेड्यांकडं जाणारी जीप मी एकोणीस वर्षं चालवतोय. आमच्या फुटबॉल क्लबाचा मी, भीमराज, संस्थापक आणि राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूनं गोल अडवणारा. संस्थापक होतो म्हणूनच राइट बॅक होतो. दुसरं कारण कुणाला सापडलं नाही.

बसवकल्याणच्या स्पर्धेत सलग चार वर्षं आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. बरे खेळाडू कामाला पुण्या-हैदराबादला जायचे. मग मी जीपमधूनच माणसं हेरायला लागलो. सुटलेल्या जीपमागं खांद्यावर तुरीचं पोतं घेऊन नागेश पळत आला नि त्यानं जीप गाठली, तेव्हा तो आत बसायच्या आधीच मी विचारलं, "रविवारी मोकळा हायस का?" टपावरनं टाकलेलं सामान रविकुमार खाली अलगद झेलायचा. एकदा काचेच्या बांगड्यांचं खोकं झेललं, एक बांगडी फुटली नाही. त्याला गोलकीपर केलं.

आम्ही जिंकायला लागलो. तरी गोल व्हायचे, ते माझ्या बाजूनं. समोरचे सगळे माझ्याकडंच यायचे. मला वाटायचं, मला घाबरत नाहीत म्हणून नाही, माझी परीक्षा बघायला येतात.

आळंदच्या क्लबात पंचाक्षरी नावाचा दणकट बॅक बाकावर बसून होता. त्यांना गोल मारणारा हवा होता, आमच्याकडं तसे तिघं. मी टोपी घालून त्यांचा क्लब चालवणाऱ्या रेवणसिद्धप्पांना भेटायला गेलो.

"अप्पा, आमचा बुद्धरत्न यायला तयार हाय. पंचाक्षरीला आमच्याकडं पाठवा."

"पाठवतो की. पण त्याला खेळवायचं. तुमचा तो राइट बॅक हाय न्हवं, टकला, पोट सुटलेला, बॉल सोडून माणसामागं पळतो? त्याला काढा. कामून ठेवलाय त्याला? कुणाचा सोयरा हाय काय?"

टोपी आणखी खाली ओढून मी म्हणालो, "संस्थापक हाय."

"मग त्याला हार घाला अन् बसवा."

घरी राजश्रीला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली नि पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तव्यावरची भाकरी करपली. तीच मला वाढली.

रविवारी मैदानावर जाहीर केलं, "यंदा मी खेळणार न्हाई." कुणीतरी 'असं कसं, अण्णा?' म्हणंल म्हणून जरा थांबलो. नागेश म्हणाला, "मग तुमची जर्सी पंचाक्षरीला ढगळ व्हईल की."

त्या वर्षी उपांत्य फेरीत आळंदच समोर आलं. बुद्धरत्ननं आमच्यावर एक गोल मारला, नागेशनं त्यांच्यावर दोन. पंचाक्षरीनं माझ्या बाजूनं माशीही आत जाऊ दिली नाही. रेषेबाहेर उभा राहून मी टाळ्या वाजवल्या. आत कुठंतरी टोचत होतं, पण हात थांबत नव्हते.

फायनल आम्ही हरलो. परतताना जीपमध्ये सगळे मराठी-कन्नडात भांडत होते, गोल कुणाच्या चुकीनं झाला म्हणून. पहिल्यांदाच त्यात माझं नाव नव्हतं. बरं वाटलं, आणि जरा वाईटही.