ऐकण्याच्या तासाला लागलेली झोप

पोलीस आणि सरकारी खात्यांतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना नेतृत्वाचं प्रशिक्षण देणं हे माझं काम. थळच्या अलीकडे एका केंद्रात मी ते वर्षानुवर्षं करते आहे, आणि हल्ली वर्गात शिरतानाच दमल्यासारखं होतं. माणसं बदलतात, पण चेहऱ्यावर तेच असतं: आदेश आला म्हणून आलो.

त्या दुपारी ऐकण्याचा सराव होता. जोडीतल्या एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये न पडता नुसतं ऐकायचं. वीज खात्यातल्या एका अभियंता बाईंच्या जोडीला एक पोलीस उपअधीक्षक आले. बोर्ली पंचतनच्या बंदोबस्तावरून ते तडक इथे पोचले होते. वादळात पडलेले खांब उभे करतानाचे दिवस बाई सांगू लागल्या, आणि साहेबांची मान हळूहळू खाली गेली. थोड्या वेळानं ते चक्क घोरायला लागले.

मागे हसू फुटलं. मी त्यांना उठवायला पुढे झाले, तर बाईंनी हातानंच थांबवलं.

"राहू द्या मॅडम. तेव्हा आम्हालाही कुणी झोपू दिलं नव्हतं."

मग त्या त्यांच्याशेजारी तशाच बसून राहिल्या.

साहेब जागे झाले तेव्हा फार ओशाळले. बाईंची त्यांनी दोनदा माफी मागितली. परत गेल्यावर काय बदलणार, हे संध्याकाळी प्रत्येकानं सांगायचं होतं. बाकीच्यांनी संवाद, पारदर्शकता असं नेहमीचंच सांगितलं. साहेब उठून म्हणाले, "मला इथे पंख्याखाली झोप मिळाली. माझे शिपाई अजून तिथे बंदोबस्तावरच उभे आहेत. त्यांच्या सुट्टीचं बघतो."

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. आठ तासांची पाळी लावून पाहिली होती, पण माणसंच कमी, त्यामुळे गणपतीत ती मोडली. वरिष्ठांची बोलणीही खावी लागली. बंदोबस्तानंतरची एक दिवसाची सुट्टी मात्र टिकली.

"एवढंच जमलं, मॅडम," ते म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की प्रशिक्षणातून काही जमलं, हे कळवायला आजवर मला कुणीच फोन केला नव्हता.

पुढच्या तुकडीच्या वेळी मी एक व्याख्यान काढून टाकलं आणि जेवणानंतर तासभर सगळ्यांना झोपायला मोकळं सोडलं. संचालकांनी कारण विचारलं, तेव्हा हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे, असं सांगून टाकलं.